फळ्यावरची तारीख

पहिल्यांदा लक्षात आलं ते पाचवीतल्या एका पोरीच्या. परिपाठ उरकून वर्गात आले, फळा पुसला, वार-दिनांक लिहिला आणि मागून आवाज आला, "बाई, तारीख रोज खाली यायला लागलीया."

खरंच होतं. फळ्याच्या वरच्या कडेला डावीकडे वार, उजवीकडे दिनांक, खाली पटसंख्या आणि मग सुविचार, हे मी बावीस वर्षं रोज लिहीत आले आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला माझा दिनांक कडेपासून वीतभर खाली होता. नाताळच्या सुमारास तो फळ्याच्या मध्यावर आला आणि सुविचार पहिल्या बाकावरच्या पोरांच्या डोक्याआड जायला लागला.

दुखणं दिवाळीपासूनचं. माळा आवरताना डबे वरखाली केले, उजव्या खांद्यात बारीक कळ आली. पुढे दोन महिने मी सगळ्यांना हेच कारण सांगत होते. दुखण्याला कारण सापडलं की माणसाला जरा बरं वाटतं ना! पण माळ्यावरचे डबे काही दर दिवाळीला जड होत नाहीत. कळ ओसरायची सोडून रात्री वाढायला लागली. उजव्या कुशीवर वळलं की जाग. पहाटे तीनला स्वयंपाकघरात बसून खांदा शेकायचा आणि सहाला डबे करायचे. केसांचा अंबाडा गेला, नुसती क्लिप आली. एसटीत वरचा दांडा धरता येईना. दोरीवर कपडे वाळत घालणं ह्यांच्याकडे गेलं आणि ते टॉवेल असे वाळत घालायचे की बघून खांद्यापेक्षा डोकं जास्त दुखावं.

एक दिवस हातातून डस्टर निसटलं. ते पकडायला हात आपसूक गेला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी खाली बसले. एरवी खिचडीची वेळ झाली की आवरत नाहीत अशी तीस पोरं, चिडीचूप. सावकाश हलवलं तर सोसायचं, पण असा अचानक हिसका बसला की जीव जायचा.

सासूबाईंनी तेल चोळलं, एरंडाचं पान बांधलं. त्याने निदान झोप यायची. मग तालुक्याच्या एका ठिकाणी दहा खेपांचं पॅकेज घेतलं. तिथे खांद्याला चार पॅड चिकटवून मशीन लावायचे, मुंग्या आल्यासारखं व्हायचं, वर गरम शेक. पंधरा मिनिटं बरं वाटायचं. मग एक तरणाबांड मुलगा यायचा आणि माझा हात धरून वर रेटायचा. "मॅडम, सोसा थोडं, चिकटलंय ते सुटलं पाहिजे." मी बाई माणूस, त्यात शिक्षिका, ओरडायची लाज. परतीच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून रडायची. सहाव्या खेपेनंतर रात्रभर बसून काढली आणि सातवीला गेलेच नाही. पैसे आगाऊ भरलेले होते, ते गेले. राग त्याचा नाही. सहा खेपांत एकानेही मला घरी काय करायचं, हे सांगितलं नव्हतं. माझा खांदा हा त्यांनी करायचा मामला होता, मी फक्त तो घेऊन यायचं.

२६ जानेवारीला झेंड्याला सलामी द्यायची होती. हात गालापर्यंत आला आणि अडला. बोटं भुवईशी नेता येईनात, म्हणून मी मानच वाकडी करून भुवई बोटांशी आणली. सरपंचांनी नंतर विचारलं, "बाई, मान अवघडली का?"

त्याच आठवड्यात कराडला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे स्वच्छ. डॉक्टरांनी माझं कोपर कमरेला टेकवलं, काटकोनात वाकवलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगितला. गेला नाही. मग त्यांनी स्वतः हळूच नेऊन पाहिला, तरी गेला नाही. दाराला आतून कडी असावी तसा. ते म्हणाले, स्नायूचा धागा तुटला असता तर तुम्हाला हात उचलता आला नसता, पण मला तो नेता आला असता. इथे तुम्हालाही नेता येत नाही आणि मलाही नाही. म्हणजे सांधाच आखडलाय. फ्रोझन शोल्डर. आणि पुढचा प्रश्न त्यांनी खांद्याचा विचारलाच नाही. "शुगर तपासलीय कधी?"

नव्हती तपासली. तीन महिन्यांची सरासरी काढणाऱ्या तपासणीत, एचबीएवनसीत, आकडा आला ८.६. मधुमेह असणाऱ्यांत खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं, त्यात चाळीस ते साठ वय आणि बाई. माळ्यावरचे डबे निर्दोष सुटले. खांदा आखडला म्हणून माझा मधुमेह कळला, नाहीतर अजून चार वर्षं मी शाळेच्या कट्ट्यावर दुपारचा गोड चहा पीत बसले असते.

डॉक्टरांनी सांध्यात एक स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. त्याने पुढचे चार-पाच दिवस साखर उसळी मारेल, घाबरू नका, हेही आधीच सांगितलं. उसळी मारली. पण आठवड्यात रात्री सलग चार तास झोप लागली. मग त्यांनी चिठ्ठी दिली ती फिजिओथेरपीची. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा ते पॅड.

या फिजिओ मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांच्या टेबलावर मशीनच नव्हतं. त्यांनी दोन पट्ट्यांची एक फिरकी काढली आणि मला हसूच आलं. कंपासपेटीतला कोनमापक, फक्त लांब हातांचा. पाचवीला कोन मी शिकवते! त्यांनी मोजून माझ्यासमोर वहीत लिहिलं: हात समोरून वर, १८० पैकी ९५. बाजूने वर, ७०. कोपर कमरेशी ठेवून पंजा बाहेर, १०. हात पाठीमागे नेला तर अंगठा जेमतेम कुल्ल्याला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल पेन चालवला, तो त्या दिवशी माझ्यावर चालला. पण गंमत अशी की, आकडे पाहून धीर आला. "हात वर जात नाही" याला काही तळ नसतो. ९५ ला असतो.

मग त्यांनी आत काय झालंय ते सांगितलं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पिशवी असते. हात सगळीकडे फिरावा म्हणून ती ऐसपैस असते आणि बगलेखाली तिला सैलसर घडी असते. मी म्हटलं, म्हणजे शिंपी ब्लाउजला माया ठेवतो तशी? त्या म्हणाल्या, अगदी तशी. ती माया आता आत चिकटून गेलीय आणि कापडही जाड झालंय. ओढून फाडायचं नाहीय, रोज थोडं थोडं सैल करायचंय. किती दिवस, विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: वर्ष धरा, दीडही लागेल. पहिल्या टप्प्यात दुखतं आणि आखडत जातं, दुसऱ्यात दुखणं कमी होतं पण आखडलेलंच राहतं, तिसऱ्यात सुटायला लागतं. तुम्ही पहिल्याच्या शेवटाला आहात.

पहिल्या दिवशी दोनच व्यायाम. मी एवढ्या लांब एसटीने आलेली, ३०० रुपये दिलेले, दोनच? त्यातला एक तर व्यायाम वाटेचना. डावा हात टेबलावर टेकून ओणवं व्हायचं आणि उजवा हात नुसता लोंबू द्यायचा, लोलकासारखा. मी लगेच हात गोल गोल फिरवायला लागले. "नाही मॅडम, हात हलवू नका. अंग हलवा. हात मेलेला आहे असं समजा." हे वाटतं तितकं सोपं नाही. तीन महिने जपून धरलेला हात सोडून द्यायलाच होत नव्हता. दंड आखडलेला, मूठ वळलेली. त्यांनी माझ्या मनगटाला धरून पाहिलं, म्हणाल्या, अजून तुम्हीच धरलाय. चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला कमरेतून जरा डुललं आणि हात आपोआप मागून आला, दोराला बांधलेल्या बादलीसारखा. खांद्याच्या खोबणीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. दुखलं नाही. हा हात हलतोय आणि दुखत नाही, हे मी दिवाळीनंतर पहिल्यांदा अनुभवत होते.

हा झुलता व्यायाम बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांच्या नावाने ओळखला जातो. फ्रोझन शोल्डर हे नावही त्यांनीच १९३४ साली दिलेलं. या दुखण्याची व्याख्या करणं अवघड, ते बरं करणं अवघड आणि का होतं ते सांगणंही अवघड, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मला हा माणूस आवडला. नव्वद वर्षांपूर्वीचा एवढा मोठा डॉक्टर, पण तालुक्याच्या त्या मुलाइतकी खात्री त्याला नव्हती.

दुसरा व्यायाम काठीचा. घरी काठी शोधत बसले तर हे म्हणाले, "अगं, शाळेत मीटरपट्टी आहे ना." तीच लाकडी मीटरपट्टी पुढे वर्षभर माझ्याबरोबर घर ते शाळा फिरली. पलंगावर उताणं झोपायचं. उजव्या कोपराच्या आणि बरगडीच्या मध्ये नॅपकिनची घडी. पट्टी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि डाव्या हाताने उजव्या पंजाला बाहेरच्या बाजूला ढकलायचं. उजव्याने स्वतः काही करायचं नाही. ओढ लागली की तिथेच थांबायचं, वीस आकडे मोजायचे, परत यायचं. नॅपकिन कशाला? तर कोपर बरगडीपासून सुटलं की घडी खाली पडते आणि आपण लबाडी केली हे कळतं. पहिल्या आठवड्यात माझी घडी दर वेळी पडली. पट्टीवर डावीकडून किती सेंटिमीटर गेलं ते बघायची मला खोड लागली. मॅडम म्हणाल्या, रोज बघू नका, रविवारीच बघा.

दुखण्याचा नियम त्यांनी असा घालून दिला: करताना दहापैकी तीन-चार दुखलं तर चालेल. थांबल्यावर थोड्या वेळात पहिल्यासारखं झालं पाहिजे. रात्रीची झोप गेली तर दुसऱ्या दिवशी निम्मं. आणि एकदम पाऊण तास करायचं नाही, पाच-पाच मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. शाळेला हे फार सोयीचं पडलं. परिपाठाआधी, छोट्या सुट्टीत, खिचडीनंतर, शाळा सुटल्यावर आणि रात्री. घंटा व्हायची, पोरं बाहेर पळायची आणि मी ऑफिसच्या टेबलाला टेकून डुलायची. खिडकीतून दोघं-तिघं बघत असायची. एका आईने नंतर विचारलं, बाईंच्या अंगात येतंय का?

फेब्रुवारी-मार्चमध्ये कोन जवळजवळ तसेच राहिले. ९५ चे १००. बाहेरचे १० चे १५. फक्त झोप सुधारली. तारीख लिहायचं काम मी पोरांवर सोपवलं. ऑफिसमधलं स्टूल आणलं, हजेरीच्या क्रमाने पाळी लावली. पहिल्यांदा खडू वरच्या कडेला टेकवणाऱ्या पोराच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते पाहायला मला आवडायचं. सुविचारात शुद्धलेखनाच्या चुका व्हायला लागल्या, तेवढं चालवून घेतलं.

मे महिन्यात घोळ मी स्वतःच घातला. सुट्टी लागली, वेळच वेळ. मनात आलं, पाच मिनिटांत हे होतंय तर तासाभरात किती होईल? मोबाइलवर एका धिप्पाड माणसाचा व्हिडिओ पाहिला, तो दाराच्या चौकटीला हात लावून पुढे झुकत होता. मी झुकले. तीन दिवस झुकले. चौथ्या दिवशी खांदा गरम, दंडापर्यंत ठणका आणि पुन्हा पहाटे तीनचं स्वयंपाकघर. कोन मोजले तर १०५ वरून परत ९०.

मला वाटलं मॅडम रागावतील. त्यांनी नेदरलँड्समधल्या ७७ रुग्णांची गोष्ट सांगितली. २००४ मध्ये तो अभ्यास छापून आला होता. काही जणांना दुखेल त्या मर्यादेपलीकडे ताणायला लावलं, हाताने सांधा सोडवला. बाकीच्यांना फक्त दुखण्याच्या आतला व्यायाम आणि रोजची कामं. दोन वर्षांनी पाहिलं तर या दुसऱ्या गटाचे खांदे जास्त चांगले. "सोसलेल्या कळांचे इथे जादा गुण नाहीत, मॅडम." मला ते लागलं, कारण आमच्या पिढीला नेमके त्याचेच गुण मिळत आले. बाळंतपणापासून बदलीपर्यंत, सोसलं किती यावरच बाईची किंमत. मी गप्प बसले आणि पुन्हा लोलकावर आले.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पावसाबरोबर खांदाही जरा मऊ पडला. ह्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून छोटी कप्पी आणली, दाराच्या वर खिळा ठोकून नाड्याचा दोर ओवला. दोन टोकांना दोन जुन्या लाटण्यांच्या मुठी. खुर्चीवर दाराकडे पाठ करून बसायचं, डाव्या हाताने खाली ओढलं की उजवा वर जातो. विहिरीवरच्या रहाटाचंच तंत्र. दुसरा व्यायाम भिंतीचा: भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं. इथे मॅडमनी माझी खरी लबाडी पकडली. हात वर जाईना की मी आख्खा खांदाच कानाकडे उचलायची आणि कंबर मागे वाकवायची. हात चार बोटं वर गेल्यासारखा दिसायचा. त्यांनी माझ्या खांद्याच्या फऱ्यावर पंजा ठेवला, हलका दाब दिला आणि म्हणाल्या, आता चढा. बोटं पार सहा इंच खाली थांबली. एवढे दिवस मी आकड्यांत भेसळ करत होते. मग भिंतीऐवजी कपाटाच्या आरशासमोर सुरू केलं. आरशात दोन्ही खांदे एका रेषेत राहिले तरच पुढचं बोट.

शाळा सुटल्यावर हाच व्यायाम मी फळ्याच्या कडेला करायची आणि जिथपर्यंत बोट पोचलं तिथे लाकडी चौकटीवर खडूने बारीक रेघ मारायची. जुलैत दोन रेघांमध्ये करंगळीएवढं अंतर. ऑगस्टमध्ये अचानक चार बोटांचं. कसं सुटलं ते कळलंच नाही. १५ ऑगस्टची सलामी मान सरळ ठेवून झाली, पण सरपंच फोटो काढून घेण्यात गुंतले होते.

सप्टेंबरात ताकदीचे व्यायाम. हात जातो तिथे नेणं वेगळं आणि तिथे तो टिकणं वेगळं, हे मला फळ्यासमोर कळलं. दोन ओळी लिहिल्या की दंड थरथरायचा. आधी नुसती मूठ भिंतीला लावून ढकलायचं, भिंतही हलत नाही आणि हातही. मग पिवळा थेराबँड, म्हणजे ताणायची रबरी पट्टी, खिडकीच्या गजाला बांधून कोपर कमरेशी ठेवून ओढणं. महिन्याने जरा कडक, लाल. नॅपकिनची घडी इथेही बगलेत होतीच. वर्गातल्या पोरांना रबरी पट्टीची फार असूया वाटायची.

दिवाळीआधी शेवटचं मोजमाप झालं. समोरून १६०. बाहेर ५५. एचबीएवनसी ६.९; त्यात गोळ्यांचा वाटा, चालण्याचा वाटा आणि कट्ट्यावरचा चहा फिका झाल्याचा वाटा. पाठीमागे हात मात्र अजून अडतो. अंगठा कमरेच्या वर येतो, पण आतल्या हुकापासून चार बोटं कमी पडतात. तो हुक मी पुढे लावून फिरवून घेते, आणि पंच्याची दोन टोकं पाठीमागे धरून वरच्या हाताने खालच्याला ओढायचा व्यायाम अजून रोज चालू आहे. मॅडमनी त्या दिवशी डाव्या खांद्याचेही कोन मोजून वहीत लिहून ठेवले. कशाला, विचारलं. म्हणाल्या, मधुमेहात कधीकधी दुसऱ्या बाजूलाही येतं, आताचे आकडे असू देत.

सुट्टीनंतर शाळा भरली त्या सोमवारी मी लवकर गेले. फळा ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि वरच्या कडेला, चौकटीला अगदी चिकटून, वार लिहिला, दिनांक लिहिला. अक्षर जरा वाकडं आलं. मागे सरकून बघत होते तोवर पोरं आत आली. तिसऱ्या रांगेतली एक बारकी पोरगी स्टूल ओढत पुढे आली, वर बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"बाई, आज माझी पाळी हुती."

मी डस्टर घेतलं, हात वर नेला आणि तारीख पुसून टाकली.